दोन जातींच्या पेशी एकाच जेलच्या मण्यात वाढवायच्या तर

मायक्रोफ्लुइडिक्स म्हणजे चिपमधल्या केसाएवढ्या बारीक वाटांतून द्रव खेळवण्याचं तंत्र. पेशी मिसळलेलं पातळ जेल तिथे तेलात थेंबाथेंबानं सुटतं, आणि थेंब गोठला की त्याचा मणी होतो. हे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाचा जीव चिपमध्ये अडकलेला असतो. हाय-स्पीड कॅमेऱ्यावर सेकंदाला दोनशे थेंब एकसारखे सुटताना बघायला छानच वाटतं, मलाही वाटतं. पण पेशी त्या चिपमध्ये असते जेमतेम काही सेकंद. तिचं बरंवाईट ठरतं ते आधी हूडखाली, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, तयारी करताना आणि नंतर तेलातून बाहेर काढताना. पुण्यात लॅब सांभाळत नव्या मुलामुलींना हे काम शिकवते, त्यामुळे ज्या टप्प्यांवर हमखास गाडी अडते तिथे मी जास्त वेळ घालवणार आहे, आणि चिप उरकून टाकणार आहे.

उदाहरण म्हणून माणसाच्या यकृताच्या हेप-जी२ पेशी आणि उंदराच्या एनआयएच ३टी३ फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतीला आधार देणाऱ्या, पेशी घेऊ. जोडी उगाच निवडलेली नाही. यकृताच्या पेशी एकट्या ठेवल्या की काही दिवसांत आपलं काम विसरतात, शेजारी दुसऱ्या जातीच्या पेशी दिल्या की टिकतात, हे फ्रान्समध्ये ख्रिस्तियान गुगेन-गियुझो यांच्या गटानं १९८३ साली दाखवलं. पुढे संगीता भाटिया यांनी अमेरिकेत ३टी३ घराण्यातलेच फायब्रोब्लास्ट घेऊन फार नेटकं करून दाखवलं. त्यांच्याकडे खऱ्या, प्राण्यातून काढलेल्या यकृतपेशी होत्या. हेप-जी२ ही कर्करोगाच्या गाठीतून आलेली पेशीरेषा, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढत राहणारी पेशी. औषधं पचवणारी एन्झाइम्स तिच्यात कमीच. शिकायला मात्र उत्तम, कारण ती सहजी मरत नाही. दोन्ही पेशीरेषा गणेशखिंडच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) सारख्या सेल रिपॉझिटरीकडून, म्हणजे पेशींच्या भांडाराकडून, रीतसर मागवा. शेजारच्या लॅबमधून ‘थोड्या’ आणलेल्या पेशी नकोत, त्यांच्याबरोबर मायकोप्लाझ्मा हा सहजी न दिसणारा जीवाणूही येतो.

आणखी एक सोय म्हणजे एक पेशी माणसाची, दुसरी उंदराची. शेवटी मोजताना कोणाचं काय हे वेगळं काढता येतं.

आधी गणित

थेंबात किती पेशी पडतील हे तुमच्या हातात नसतं, सरासरी तेवढी असते. बाकी सगळं पॉइसनच्या, म्हणजे विखुरलेल्या गोष्टी मोजायच्या संभाव्यतेच्या नियमाच्या, हवाली. सरासरी प्रत्येक जातीची एक पेशी धरली, तर बरोबर एक अधिक एक अशी जोडी मिळते जेमतेम १३.५ टक्के थेंबांत, आणि तेवढेच थेंब पूर्ण रिकामे जातात. एकेक पेशी कशी वागते हे बघायचं असेल तर हे सोसावं लागतं. छोटीशी ऊती वाढवायची असेल तर एक-एकच्या मागे लागूच नका. दोन्हींची सरासरी ४ ठेवा, मग ९६ टक्के मण्यांत दोन्ही जाती असतात आणि मोजायला भरपूर मणी मिळतात.

१०० मायक्रॉन व्यासाच्या थेंबाचं आकारमान ०.५२ नॅनोलिटर. म्हणजे एका मिलीलिटरचे साधारण १९ लाख थेंब. प्रत्येकात ४ पेशी हव्यात तर मिलीलिटरला ७६ लाख. पण दोन जातींच्या दोन सिरिंज आहेत आणि थेंबात दोघींचा अर्धा-अर्धा वाटा, म्हणून प्रत्येक सिरिंजमध्ये याच्या दुप्पट, मिलीलिटरला दीड कोटी. हे ‘दुप्पट’ विसरलं जातं आणि मग मणी अर्धे रिकामे का, म्हणून चिपला दोष दिला जातो. प्रत्येक सिरिंजला ३०० मायक्रोलिटर पुरतं, म्हणजे ४५ लाख पेशी. चांगल्या भरलेल्या एका टी-७५ फ्लास्कमध्ये (तळ ७५ चौरस सेंटीमीटर) भागतं.

३टी३ साधारण दिवसाला दुप्पट होतात, हेप-जी२ना जवळपास दोन दिवस लागतात. आठवडाभर ठेवायचं असेल तर फायब्रोब्लास्ट सगळा मणी बळकावतात. त्यांना आदल्या दिवशी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर मायटोमायसिन-सी, म्हणजे पेशींचं विभाजन थांबवणारं औषध, दोन ते तीन तास द्या आणि तीनदा धुवा. त्या जिवंत राहतात, वाढत नाहीत. मायटोमायसिन हाताळताना ग्लोव्हज दोन चढवा. ते आपल्याही डीएनएला तसंच चिकटतं.

जेल कोणतं

सगळ्यात सोपं अल्ट्रा-लो जेलिंग अगारोज, समुद्री शेवाळातून मिळणारं आणि फार कमी तापमानाला गोठणारं जेल. ते ८ ते १७ अंशांवर गोठतं आणि एकदा गोठलं की वितळायला ५० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. म्हणजे एसीतल्या २५ अंशांत ते चिपमधून पाण्यासारखं जातं, बर्फावर ठेवलं की गोठतं आणि ३७ च्या इनक्युबेटरमध्ये घट्टच राहतं. नुसतं ‘लो मेल्टिंग’ लिहिलेली बाटली उचलू नका. ते २६ ते ३० च्या आसपास गोठतं, म्हणजे थेट तुमच्या ट्यूबमध्ये. डिसेंबरातल्या पुण्याच्या सकाळी तर सिरिंजमध्येच. दीड टक्का पुरे. पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारं द्रावण) ८० अंशांच्या वर नेऊन पूर्ण विरघळू द्या, ३७ वर आणा, मग पेशींच्या पेलेटमध्ये, म्हणजे सेंट्रिफ्यूजनं तळाशी बसवलेल्या गोळ्यात, घाला.

पण अगारोजला पेशी चिकटत नाहीत. फायब्रोब्लास्टना धरायला काहीतरी लागतं, नाहीतर त्या गोल बसून राहतात. कर्करोगाच्या लॅबमध्ये सॉफ्ट अगार चाचणी करतात ती याच आधारावर: निरोगी पेशी अगारमध्ये वाढत नाहीत, बिघडलेल्या वाढतात. तेव्हा अगारोजमध्ये हेप-जी२चे गोळे मस्त वाढतील, तुमचा ३टी३ मात्र हिरमुसलेला दिसेल. म्हणून हात बसवायला अगारोज आणि खऱ्या प्रयोगाला जेलएमए, म्हणजे मेथाक्रिलेट जोडलेलं जिलेटिन. त्याला पेशी चिकटतात, ते कुरतडूनही खातात.

जेलएमए ७ टक्के घ्या, त्यात ०.२ टक्के एलएपी, म्हणजे उजेड पडला की जेल जोडायला सुरुवात करणारं रसायन. हे जांभळ्या उजेडानं, ४०५ नॅनोमीटरला घट्ट होतं, म्हणून सिरिंजला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. शिवाय ते मुळात जिलेटिनच, गार झालं की आपोआप घट्ट होतं. त्यामुळे पंप, सिरिंज, चिप सगळं ३७ अंशांच्या आसपास हवं. आम्ही मायक्रोस्कोपभोवती अॅक्रिलिकची पेटी करून आत हीटर ठेवला आहे. पंप यूपीएसवर लावा. मे महिन्यात दहा मिनिटं वीज गेली तरी एक चिप आणि दोन सिरिंज गेल्याच समजा.

अल्जिनेटचाही रस्ता आहे. हेही शेवाळातलंच, कॅल्शियम मिळालं की गोठतं. कॅल्शियम ईडीटीए या धातू धरून ठेवणाऱ्या रसायनाशी बांधून अल्जिनेटमध्ये मिसळायचं आणि तेलात किंचित अॅसेटिक अॅसिड घालायचं. थेंबातला पीएच उतरला की कॅल्शियम सुटतं आणि अल्जिनेट गोठतं. सुंदर, एकसंध मणी होतात. पण आम्लात पेशी जास्त वेळ राहिल्या की मरतात, तेव्हा मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर काढायची घाई. पहिल्यांदा करणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये असं माझं मत. हार्वर्डच्या डेव्हिड वाइट्झ यांच्या गटानं २०१६ मध्ये आत यकृतपेशी आणि बाहेरच्या अल्जिनेटच्या कवचात फायब्रोब्लास्ट असा दुहेरी मणी केला होता. ते करायचंच असेल तर साधा मणी डोळे मिटून जमायला लागल्यावर.

चिप, थोडक्यात

साचा सिलिकॉन वेफरवर एसयू-८चा, म्हणजे उजेडानं घट्ट होणाऱ्या रेझिनचा. स्वतःकडे क्लीनरूम नसेल तर अडू नका. आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या आयआयएससीच्या नॅनो सुविधा बाहेरच्या संशोधकांना केंद्र सरकारच्या आयएनयूपी योजनेतून मिळतात. एक साचा नीट सांभाळला तर कितीतरी चिपा निघतात. नक्षी फ्लो-फोकसिंगची, म्हणजे तेल बाजूंनी दाबून पाण्याची धार तोडतं अशी: पाण्याच्या (म्हणजे पेशी आणि जेलच्या) दोन वाटा, तेलाची एक, आणि ७० ते ८० मायक्रॉनचं तोंड. खोली ८० ते १००. प्रत्येक प्रवेशाशी खांबांची गाळणी हवीच, कारण चिप बंद पाडतो तो पेशींपेक्षा धागा आणि पीडीएमएसचा, म्हणजे चिप ज्याची बनते त्या सिलिकॉन रबराचा, कपचा.

पीडीएमएस आणि त्याला घट्ट करणारं द्रव्य १०:१, डेसिकेटरमध्ये बुडबुडे जाईपर्यंत, ७० अंशांना दोन-तीन तास. भोकं नक्षीच्या बाजूनं पाडा. प्लाझ्मा यंत्रात (भारित वायूत) ठेवा, काचेवर चिकटवा, पुन्हा ओव्हन. प्लाझ्मानंतर वाटा पाणी ओढून घेतात आणि थेंब भिंतीला चिकटतात. म्हणून फ्लोरोसिलेन (१ टक्का, फ्लोरिनयुक्त तेलात) फिरवून वाळवा. गाडीच्या काचेवर पाणी थांबू नये म्हणून लावतात ते अॅक्वापेलही चालतं.

तेल फ्लोरिनयुक्त, एचएफई-७५००, त्यात २ टक्के फ्लोरोसर्फॅक्टंट, म्हणजे थेंबांना एकमेकांत मिसळू न देणारा साबणासारखा पदार्थ. जुन्या पेपरांत ‘नोवेक ७५००’ असं नाव दिसेल. ३एम कंपनीनं डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२५ अखेर असली फ्लोरिनयुक्त रसायनं बनवणं बंद करणार. तेच रसायन इतर नावांनी मिळतं, मागणीपत्रावर ब्रँडऐवजी रसायनाचं नाव लिहा. आणि सर्फॅक्टंट संपत आल्यावर मागवू नका. खरेदीची फाइल पेशींपेक्षा सावकाश वाढते.

पेशींची तयारी

इथे घाई करू नका. हेप-जी२ गुच्छात वाढते आणि सुटी व्हायला तयार नसते. ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमनं फ्लास्कवरून सुटल्या म्हणजे एकमेकींपासून सुटल्या असं नव्हे. गुच्छ तसाच गेला तर एका थेंबात वीस पेशी आणि पुढच्या पाचांत एकही नाही, मग वरचं सगळं पॉइसन गुंडाळून ठेवा.

करायचं असं. फ्लास्क सत्तर-ऐंशी टक्के भरला की उचला, त्याहून दाट होऊ देऊ नका. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसनं दोनदा धुवा, कारण कॅल्शियमच त्यांना एकमेकींना धरून ठेवतं. ट्रिप्सिन-ईडीटीए ३७ अंशांवर, पाच-सात मिनिटं. फ्लास्क आपटू नका, आपटल्यानं पापुद्रे निघतात, पेशी नव्हे. मीडिया (पेशींचं खाद्यद्रावण) घातल्यावर एक मिलीलिटरच्या पिपेटनं, टोक तळाशी थोडं टेकवून, सावकाश वर-खाली. फेस आला तर तुमचा हात जोरात चालला आहे. मग ४० मायक्रॉनच्या स्ट्रेनरमधून गाळा आणि एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघा. मी तिथेच बसून शंभर ठिपके मोजायला लावते: किती एकेकटे, किती जोडीनं, किती घोळक्यात. ऐंशीच्या वर एकटे असतील तर पुढे जा. नसतील तर पुन्हा स्ट्रेनर. पेलेटला दोऱ्यासारखा चिकटपणा दिसला तर ते मेलेल्या पेशींचं डीएनए, ते तोडणारं डीएनेज एन्झाइम घाला. ट्रिपॅन ब्लूनं (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) तपासल्यावर ९० टक्क्यांच्या खाली जिवंत असतील तर त्या दिवशी चिपला हात लावू नका.

३टी३ त्या मानानं शहाण्या. दोन्हींना वेगवेगळे सेलट्रॅकर रंग द्या, एकीला हिरवा, दुसरीला लाल. नाहीतर दुसऱ्या दिवशी कोण कोण ते ओळखायचं कसं?

शेवटच्या सेंट्रिफ्यूजनंतर मीडिया अगदी कोरडा काढा आणि पेलेट थेट जेलच्या द्रावणात मिसळा. दोन्ही सिरिंजमध्ये जेल एकच, टक्केवारी एकच. एकीत घट्ट आणि दुसरीत पातळ असेल तर चिपमध्ये दोन धारा सारख्या रुंदीनं शेजारी वाहत नाहीत. जेल दाट असल्यानं पेशी खाली बसायला वेळ लागतो. नुसत्या मीडियात सरावाला चालवत असाल तर द्रव जड करणारं ऑप्टिप्रेप १६ टक्के घाला, म्हणजे तरंगत राहतात.

चालवताना

तेल आधी सुरू करा, वाटा भरू द्या, मग पाण्याच्या धारा. सुरुवातीला पाण्याच्या दोन्ही धारा तासाला २०० मायक्रोलिटर, तेल १०००. या वेगानं सेकंदाला दोनशेच्या वर थेंब पडतात. तेल वाढवलं की थेंब लहान होतात. बुंदीसारखंच आहे हे: पीठ घट्ट असेल तर शेपटी येते. तोंडापाशी धार लांबत जाऊन पुढे कुठेतरी तुटत असेल तर तेल वाढवण्याआधी पाण्याचा वेग कमी करा. वेग बदलल्यावर दोन-तीन मिनिटं काही करू नका. सिरिंज, ट्यूब, पीडीएमएस सगळेच थोडे फुगतात आणि उशिरा स्थिरावतात. मिनिटाला दहा वेळा नॉब फिरवणाऱ्याला मी खुर्चीवरून उठवते.

पहिली काही मिनिटं कचऱ्याच्या ट्यूबमध्ये. थेंब एकसारखे दिसायला लागले की दीड मिलीच्या बर्फावरच्या ट्यूबमध्ये घ्या, तळाशी आधी थोडं तेल घालून. हे तेल पाण्यापेक्षा जड आहे, मिलीलिटरला १.६ ग्रॅम, म्हणून थेंब वर तरंगतात आणि तेल खाली राहतं. स्वयंपाकघरातल्या सवयीनं वरचा थर तेल समजून ओतून टाकू नका. त्यात तुमचा सगळा दिवस असतो. गोळा करण्याचा वेळ तासाच्या आत संपवा.

तेलातून बाहेर

थेंब हा साचा आहे, राहायचं घर जेल. तेलात ठेवलेल्या अर्ध्या नॅनोलिटरमध्ये आठ पेशींना खायला कितीसं असणार? म्हणून गोठलं की बाहेर काढायचं.

ट्यूब बर्फावर अर्धा तास. खालचं तेल बारीक टोकाच्या पिपेटनं काढा, जितकं निघेल तितकं. वर अर्धा मिली गार मीडिया घाला. मग थेंबांवरचं सर्फॅक्टंट बाजूला सारायला एचएफईमध्ये २० टक्के परफ्लोरो-ऑक्टेनॉल, थेंबांच्या थराइतकंच. ट्यूब हलक्या हातानं पाच-सहा वेळा उलटी-सुलटी. व्होर्टेक्सला हातही लावू नका, मणी फाटतात. मिनिटभरात पांढरट, सायीसारखा दिसणारा थर मोकळा होऊन मणी मीडियात उतरायला लागतात, तो क्षण उजेडासमोर धरून बघण्यासारखा असतो. सेंट्रिफ्यूजमध्ये १०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट) काही सेकंद फिरवा, तळाचं तेल काढा. ऑक्टेनॉल पेशींना मारक असतं, म्हणून याच्यापुढे रेंगाळू नका. गार मीडियानं तीनदा धुणं.

आता जेलएमए असेल तर उजेड. कित्येक जण तेलातच दिवा मारतात आणि मणी बाहेरून मऊ, चिकट राहतात. कारण ऑक्सिजन. जेल जोडणारी साखळी ऑक्सिजन मध्येच तोडतो, आणि फ्लोरिनयुक्त तेलांत तो भरपूर विरघळतो. इतका, की अशा द्रव्यावरून कृत्रिम रक्त करायचा प्रयत्न झाला होता, आणि फ्लुओसोलला अमेरिकेत १९८९ मध्ये परवानगीही मिळाली होती. म्हणून गारठ्यानं आधी आकार टिकवायचा, थंडपणीच तेलातून काढायचं आणि मग मीडियात ४०५ नॅनोमीटर, अर्धा ते एक मिनिट. दिव्याची तीव्रता मीटरनं मोजा. दिवे म्हातारे होतात, वेळ तीच राहते. बरोबर झालं का? थोडे मणी ३७ अंशांच्या पीबीएसमध्ये टाका. दहा मिनिटांनी गोल असतील तर झालं, विरघळले तर उजेड कमी पडला.

शेवटी सगळं ४० मायक्रॉनच्या स्ट्रेनरवर ओता. या वेळी हवं ते वर राहतं: मणी अडकतात, जेलबाहेरच्या सुट्या पेशी आणि तेलाचा चुरा खाली जातो. स्ट्रेनर उलटा करून मीडियानं मणी प्लेटमध्ये उतरवा. प्लेट लो-अटॅचमेंट घ्या, नाहीतर निसटलेल्या ३टी३ तळाला चिकटतात, आणि मायटोमायसिन दिलं नसेल तर तिथे वाढत सुटतात.

ठेवणं आणि मोजणं

मीडिया डीएमईएम नावाचा, त्यात १० टक्के गाईचं सीरम. दोन्ही पेशींना चालतं, तरी आधी साध्या फ्लास्कमध्ये दोघींना त्याच मीडियावर एक-दोन पॅसेज (नव्या फ्लास्कमध्ये बदली) काढू द्या. दर दोन दिवसांनी अर्धा बदला: प्लेट तिरकी करा, मणी खाली बसू द्या, वरून काढा. दुसऱ्या दिवशी कॅल्सीन (जिवंत पेशी हिरव्या) आणि प्रोपिडियम आयोडाइड (मेलेल्या लाल) घालून जिवंत-मेलेल्या बघा, जेलमध्ये रंग शिरायला पाऊण तास द्या. याच रंगांत ट्रॅकरचे हिरवे-लाल मिसळतात, म्हणून या तपासणीसाठी न रंगवलेले थोडे मणी वेगळे करून ठेवलेले असावेत.

कंट्रोल नसतील तर हे सगळं नुसतं सुंदर चित्र. चार वेल (प्लेटमधले खळगे) किमान: फक्त हेप-जी२चे मणी, फक्त ३टी३चे, दोन्ही एकाच मण्यात, आणि दोघींचे वेगवेगळे मणी एकाच वेलमध्ये. चौथा कोणी करत नाही आणि तोच खरं सांगतो. दोन्ही एकत्र असताना अल्ब्युमिन, म्हणजे यकृतपेशी बनवतात ते प्रथिन, वाढलं, तर ते पेशींनी एकमेकींना धरल्यामुळे की मीडियात सोडलेल्या काही द्रव्यामुळे? वेगळ्या मण्यांच्या वेलमध्येही तितकंच वाढलं तर द्रव्यामुळे, आणि मग एका मण्यात कोंबायची गरजच नव्हती.

अल्ब्युमिन मोजताना एलायझा (अँटिबॉडीनं प्रथिन मोजणारं) किट फक्त मानवी अल्ब्युमिन ओळखणारं हवं, सीरममध्ये गाईचं अल्ब्युमिन ढिगानं असतं. रिकाम्या मण्यांच्या मीडियाचा आकडा आधी काढा. आलेला आकडा एकूण डीएनएला भागू नका, त्यात उंदराचंही आहे. माणसाच्या जीनच्या प्रायमरनं क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजण्याची पद्धत) करून हेप-जी२ किती होत्या ते काढा आणि त्याला भागा. जेलएमए कोलॅजिनेज या एन्झाइमनं विरघळतं, त्यामुळे पेशी परत सुट्या मिळतात. अगारोजचं तसं होत नाही.

वापरलेलं तेल आणि ऑक्टेनॉल सिंकमध्ये ओतायचं नाही. ही रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं तशीच राहतात. वेगळी, घट्ट झाकणाची बाटली ठेवा, वर तारीख आणि काय आहे ते मराठीत किंवा इंग्रजीत, पण वाचता येईल असं लिहा, आणि घातक कचरा उचलणाऱ्यांकडे द्या.